दहावं बाळ

खोकेवाल्यांच्या गल्लीतली मुकादमीण आपल्या लेकीची लस चुकवते, ही गोष्ट नर्सबाईंच्या काही केल्या पचनी पडेना. यादीत दुसरं कुणाचंही नाव आलं असतं, तर त्यांनी कपाळाला आठी घातली असती आणि बोट पुढच्या ओळीवर सरकवलं असतं. पण मुकादमीण! जिने आपल्या दोन्ही मुलांना प्रत्येक सुईसाठी ठरल्या दिवशी आणलं, तेही आरोग्य केंद्राचं कुलूप निघायच्या आधी, आणि वर "आज उशीर झाला का तुम्हाला?" असं नर्सबाईंनाच विचारलं, ती बाई? तिची धाकटी मुलगी अकरा महिन्यांची झाली होती, आणि नवव्या महिन्यातली गोवराची लस अजून बाकी होती.

मुकादमीण हे काही तिचं नाव नव्हे. त्या गल्लीत घरोघरी बुटांचे पुठ्ठ्याचे खोके चिकटवतात. कारखान्यातून पुठ्ठा आणायचा, बायकांना वाटून द्यायचा, तयार खोके ट्रकवर चढवून द्यायचे, हे सगळं तीच बघायची, म्हणून हे नाव पडलं. नवराही तिला मुकादमीणच म्हणायचा, फक्त जरा हळू आवाजात.

एरवी दोन महिन्यांच्या उशिराने आभाळ कोसळत नाही. पण मोठ्या रस्त्यापलीकडच्या वस्तीत गोवर आला होता. चार मुलं आजारी, त्यातलं एक इस्पितळात, नाकात नळी. तो रस्ता ओलांडायला माणसाला पाच मिनिटं लागतात. गोवराला किती लागणार?

केंद्राच्या साहेबांचं निदान तयार होतं. "निष्काळजी लोक आहेत, दुसरं काय! लिहून टाका आणि पुढे चला." साहेबांनी ती गल्ली कधी पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर गल्लीत कशाला जायला हवं?

नर्सबाईंना मात्र 'का' विचारायची जुनी खोड. एकदा हात मोडलेला रंगारी केंद्रात आला, तर शिडीवरून कसा पडलास, शिडी तिथे का लावलीस, खाली धरायला कुणी का नव्हतं, हे सगळं विचारून होईस्तोवर त्या बिचाऱ्याचं डोकंही दुखायला लागलं. आता बावन्नाव्या वर्षी जित्याची खोड कुठे जाणार? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते बघायला त्या सोमवारी दुपारी गल्लीत शिरल्या.

मुकादमिणीची खोली एकच. तीन भिंतींना छतापर्यंत पुठ्ठ्याच्या थप्प्या, चौथ्या भिंतीला चूल, भांडी आणि सासूची खाट. मधल्या जागेत सासू पुठ्ठ्याला घड्या घालत होती आणि मुकादमीण कडा चिकटवत होती. मुलगी एका मोठ्या खोक्यात बसवलेली. खोक्याच्या एका बाजूला चौकोनी खिडकी कापली होती आणि त्या खिडकीतून ती नर्सबाईंकडे टकामका बघत होती.

"लस का नाही दिलीस गं हिला?" नर्सबाईंनी नमनाला घडाभर तेल न घालता विचारलं.

मुकादमिणीचा हात क्षणभर थांबला. "वेळ कुठे मिळतो, सिस्टर? तुमची लस बुधवारी, आणि आमचा ट्रकही बुधवारी. दहाला येतो तो."

"मुलांच्या वेळी ट्रक नव्हता?"

"होता की."

"तेव्हा कशी यायचीस?"

"लवकर यायची," असं म्हणून मुकादमिणीने नवा पुठ्ठा पुढे ओढला आणि ती त्याच्याकडे असं बघायला लागली, जणू आजवर पुठ्ठा पाहिलाच नव्हता. नर्सबाईंनी ओळखलं. ही ताकाला जाऊन भांडं लपवते आहे, फक्त भांड्यात काय आहे ते कळत नव्हतं. "या बुधवारी ये," असं दोनदा बजावून त्या उठल्या. मुकादमीण म्हणाली, "बघते."

मंगळवारी त्या पुन्हा गेल्या. गल्लीच्या तोंडाशी सात-आठ बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये डिंकाचा मोठा डबा, झाकण घट्ट लावलेलं. सगळ्यांचे हात मांडीवर. कामाच्या वेळी त्या गल्लीत रिकामे हात म्हणजे नवलच.

"संप आहे का काय?" नर्सबाईंनी विचारलं.

बायका हसल्या. एकीने सांगितलं, "अजून दोघी यायच्यात, सिस्टर. हा डिंक एकदा उघडला की दुपारपर्यंतच चालतो. मग वर साय धरते, धागे सुटतात, फेकावाच लागतो. गल्लीला दिवसाला एकच डबा मिळतो. म्हणून सगळे हात बसल्याशिवाय झाकण काढायचं नाही. मुकादमिणीचा नियमच आहे तसा."

"आणि एखादीला घाई असली तर?"

"तिने थांबायचं."

नर्सबाईंना हे ऐकून मजा वाटली. अशा गोष्टी त्यांना फार आवडत. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायचं, असं मनाशी ठरवून त्या पुढे गेल्या. मुकादमीण कारखान्यात गेली होती. सासू एकटीच होती, आणि तिच्याकडे कारण वेगळं होतं.

"मागच्या सुईनंतर पोर दोन दिवस कुरकुरत होती. अंग तापलं होतं. तिला घेऊन बसायचं की काम करायचं?"

नर्सबाईंनी पिशवीतून तापाच्या औषधाची छोटी बाटली काढली, किती थेंब ते दाखवलं, सासूकडून दोनदा वदवून घेतलं. मग कार्ड मागितलं. त्यांना वाटलं होतं, कार्ड हरवलं असणार आणि बोलणी बसतील म्हणून ही बाई येत नसणार. अशा आया त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. कागद गेला की त्या लसही सोडून देतात, कारण खिडकीवरचा माणूस सगळ्यांसमोर ओरडतो. पण सासूने खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. पेटीत पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी आणि तिच्यात कार्ड, नव्यासारखं कोरं करकरीत. सगळ्या सुया नोंदलेल्या, फक्त नवव्या महिन्याची ओळ रिकामी.

जी बाई कार्डाला दोन-दोन पिशव्यांत जपते, ती लस का चुकवते? नर्सबाईंना त्या दिवशी जेवणही गोड लागलं नाही. नवऱ्याला डिंकाची गंमत सांगायची राहूनच गेली.

बुधवारी मुकादमीण आली नाही.

गुरुवारी नर्सबाईंनी साहेबांना सांगितलं की डोकं दुखतंय, आणि त्या गल्लीत गेल्या. या वेळी मुकादमिणीचं दार टाळून त्यांनी आजूबाजूची घरं धरली. पाच घरांत नऊ महिन्यांच्या पुढची मुलं होती, मुकादमिणीची धरून. पाचही मुलं गोवराच्या लसीविना. इतर चौघींना विचारलं, तर एकीनेही तोंड वाकडं केलं नाही, एकीनेही नाही म्हटलं नाही. सगळ्यांचं उत्तर एकच, तेही हसतमुख: "देणार ना, सिस्टर. अजून वेळ आहे."

"अगं, वेळ होऊन गेली! कसली वेळ आहे?"

तर त्या एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मुकादमिणीला विचारा."

शेवटच्या घरात एक तरुण मुलगी दाराशी बसली होती, पहिलटकरीण, पाचवा महिना. तिला नुसतं तपासावं म्हणून नर्सबाई बसल्या, तर तीच खाली मान घालून म्हणाली, "माझ्यावर रागावू नका, सिस्टर. माझ्यामुळेच सगळं खोळंबलंय, मला माहितेय."

"तुझ्यामुळे? काय खोळंबलंय?"

"लस." तिने पोटावर हात ठेवला. "गल्लीत आठच बाळं आहेत. मधल्या घरातलीला सातवा महिना आणि मला पाचवा. आमची दोन आली की दहा होतील. आमची नऊ महिन्यांची झाली की सगळ्या मिळून तुमच्याकडे येणार आहोत. मी सगळ्यांत मागे आहे ना, म्हणून उशीर."

नर्सबाईंच्या हातातली रक्तदाबाची पट्टी तशीच लोंबकळत राहिली. चार आणि नऊ, तेरा महिने. या गल्लीतली मुलं अजून तेरा महिने थांबणार होती, अजून जन्माला न आलेल्या बाळासाठी.

"दहाच का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तर सांगितलंत मुकादमिणीला."

आणि मग त्यांना आठवलं. दोन महिन्यांपूर्वीचा बुधवार. मुकादमीण एकटीच आली होती, लेकीला कडेवर घेऊन, नववा महिना भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी. केंद्रात गोवराच्या लसीचं दुसरं मूल नव्हतं. एका बाटलीत दहा डोस. एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकायचं. आणि त्याच आठवड्यात साहेब सगळ्यांसमोर नर्सबाईंवर डाफरले होते, "औषध गटारात ओतायला देतात का तुम्हाला?" खरं तर एक मूल आलं तरी बाटली उघडावी, असा छापील कागद केंद्रातच लावलेला होता, साहेबांच्या कपाटामागे. पण साहेबांचं तोंड कपाटापुढे होतं. म्हणून नर्सबाई मुकादमिणीला म्हणाल्या होत्या, "एकटीसाठी कुठे फोडू गं बाटली? दहा जमव आणि ये." म्हणाल्या आणि विसरल्या. असं त्या आठवड्यातून दोन-तीनदा म्हणत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन दिवस त्या गल्लीभर कारण शोधत फिरत होत्या, आणि कारण त्यांच्याच तोंडातून निघालेलं होतं. मुकादमिणीने ते डिंकाच्या हिशेबाने समजून घेतलं. गल्लीला जसा एक डबा, तशी गल्लीला एक बाटली. दहा हात बसल्याशिवाय झाकण काढायचं नाही, घाई असेल तिने थांबायचं. इतर गल्ल्यांची मुलंही त्या दहात मोजता येतात, हे तिच्या डोक्यात आलं नाही, कारण कुणी सांगितलं नाही. आणि ट्रकची, तापाची कारणं? सांगितलेलं काम अर्धं ठेवणं ज्या बाईला माहीत नव्हतं, तिला 'अजून दोन कमी पडताहेत' हे सांगायची लाज वाटली होती.

"आणि सिस्टर," ती तरुण मुलगी म्हणाली, "मुकादमिणीची बहीण परवा तुम्ही गेल्यावर आली होती पलीकडच्या वस्तीतून, पोराला घेऊन. संध्याकाळपर्यंत दोन्ही पोरं एकाच खोक्यात खेळली. काल त्याच्या अंगावर पुरळ आलं म्हणे. गोवरच असेल का हो?"

नर्सबाई उठल्या त्या पट्टी तिथेच विसरून. लागण झाल्यापासून तीन दिवसांच्या आत लस टोचली, तर आजार अडण्याची आशा असते. परवा म्हणजे मंगळवार. आज गुरुवार, दुपारचे बारा. अजून एक दिवस हातात होता, पण तो कशाला घालवायचा? केंद्रापर्यंत त्या जवळजवळ पळत गेल्या. शीतपेटीतून गोवराची एक बाटली आणि ती कालवायचं पाणी काढलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि परत फिरल्या. साहेब मागून काहीतरी म्हणाले. नर्सबाईंनी पहिल्यांदाच ते काय म्हणाले हे विचारलं नाही.

मुकादमीण घरीच होती. डबा बघून तिचा चेहरा उतरला.

"सिस्टर, अजून आठच आहेत. त्यात तिघं तर अजून लहान..."

"माहितेय मला. पोरीला मांडीवर घे."

"आणि बाकीचं औषध?"

"टाकून देईन."

मुकादमीण उभीच राहिली. "माझ्या एकटीच्या पोरीसाठी? मी सगळ्यांना थांबवून ठेवलंय, सिस्टर. ती कोपऱ्यावरची दोनदा निघाली होती, मी तिला परत बसवलं. आता मीच माझ्या पोरीला आधी देऊ? उद्या गल्लीत तोंड कसं दाखवू?"

"अगं, गोवर आलाय! तुझ्या बहिणीच्या पोराला..."

"कळलंय मला!" मुकादमिणीचा आवाज फाटला. "कालपासून दर तासाला हिच्या कपाळाला हात लावतेय मी. पण नियम म्हणजे नियम. तुम्हीच घातलात ना?"

दाराशी बायका जमल्या होत्या. नर्सबाईंच्या मनात आलं, हळूच काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. नियम बदलला म्हणता येईल. साहेबांनी खास परवानगी दिली म्हणता येईल. तीस वर्षांच्या नोकरीत या गल्लीसमोर त्यांनी कधी मान खाली घातली नव्हती. त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि ती बोलून दाखवायची आणखी लाज वाटत होती. खोक्याच्या खिडकीतून मुलगी त्यांच्याकडे बघून बोळकं पसरून हसली.

"तो नियम नव्हता," नर्सबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माझी चूक होती ती. दहा जमवायची काही गरज नव्हती. एकटं मूल आलं तरी बाटली फोडायची असते. त्या दिवशी मी हिला परत पाठवायला नको होतं. तुमचं कुणाचंच चुकलं नाही. माझं चुकलं."

मग सासूच खाटेवरून म्हणाली, "अगं घे ना पोरीला मांडीवर, ऐकतेस काय नुसती!"

मुकादमीण खाली बसली. नर्सबाईंनी बाटली उघडली, पाणी सोडलं, हलवली. उजव्या दंडाला सुई लागताच मुलीने असा काही टाहो फोडला की पुठ्ठ्यांच्या थप्प्या हलतील. कोपऱ्यावरची तोवर आपल्या मुलाला घेऊन आत आली होती, तिच्यामागे बाकीच्या तिघी. तासाभरात पाच मुलं रडून मोकळी झाली. उरलेल्या तिघांची तारीख नर्सबाईंनी त्यांच्या आयांना सांगितली, आणि एकट्याने यायचं असंही सांगितलं.

मग मुकादमिणीने विचारलं, "आता बाकीचं?"

"पाच डोस उरलेत. केंद्रात नेऊन नष्ट करायचे."

"पाच फेकले तरी चालतात?"

"चालतात."

मुकादमिणीने मुलीला छातीशी धरलं आणि बराच वेळ थोपटत राहिली. "मग त्या दिवशी का नाही उघडलीत, सिस्टर?"

आयुष्यभर दुसऱ्यांना 'का' विचारणाऱ्या बाईला आज उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तर फारच छोटं निघालं. "भ्याले. साहेब रागावतात."

"तुम्हाला रागावतात? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

मुकादमिणीला क्षणभर त्यांची कीव आल्यासारखं वाटलं. पण मुलीचा हुंदका आला तशी ती कीव गेली. "तुम्ही रागावून घ्यायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला काही झालं असतं तर? अजून काय होईल ते माहीत नाही. यापुढे आम्ही जमत बसणार नाही. जिच्या पोराची वेळ, ती एकटी येईल. आणि एकटी आलेली परत आली ना, सिस्टर, तर मात्र आम्ही सगळ्या जमून येऊ."

नर्सबाईंनी मान हलवली.

पुढचे दोन आठवडे त्या रोज त्या दारात जायच्या. मुकादमीण चहा विचारायची नाही. नुसतं मुलीचं अंग उघडं करून दाखवायची, पोट, पाठ, कानामागे. आठव्या दिवशी अंग जरा तापलं, तेव्हा दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं. दहाव्या दिवशी ताप उतरला. चौदाव्या दिवशीही कातडी स्वच्छ होती. नर्सबाई बाहेर गल्लीत आल्या आणि भिंतीला टेकून दोन मिनिटं रडल्या. मग डोळे पुसून केंद्रात गेल्या, कारण बुधवार होता.

केंद्रात बाक रिकामा होता. अकराच्या सुमाराला एक अनोळखी बाई फाटकातून आत आली, कडेवर मूल. खोकेवाल्यांच्या गल्लीतली ती नव्हती. कुठल्या गल्लीतली होती ते नर्सबाईंना माहीत नव्हतं. तिने दारातून आत डोकावून पाहिलं, रिकामा बाक पाहिला, बाकावर कुणीच नाही हे पाहिलं, आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच मागे फिरली.

नर्सबाई खुर्चीतून उठल्या. दाराशी काढलेल्या चपला पायात घालायलाही त्या थांबल्या नाहीत. बाई फाटकाबाहेर पडत होती.

"अगं ए, थांब!" त्या ओरडल्या. "एकटीच ये! एकटीसाठीच उघडते!"